तलावावरची काहील आणि दोन मतं

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. गूळ शिजवायची पसरट लोखंडी कढई म्हणजे काहील. दुधनीच्या लोहाराने मला ठोकून घडवले. बारा वर्षे गुऱ्हाळात मी चटके सोसले. गुऱ्हाळ बंद पडले तेव्हा मडिवाळप्पा नावाड्याने मला तलावात उतरवले. आमच्याकडे नावेचे काम काहीलच करते. माणसे मला ‘लई गुणाची’ म्हणत आणि मी उगाच फुगून जाई.

पुढे तलावावर रुद्रप्पाची मोटारलाँच आली. ती भरधाव गेली की लाटा माझ्या वीतभर काठावरून आत येत. लोक जीव मुठीत धरून बसत. म्हणून उताराजवळ, म्हणजे मी माणसे पार नेते तिथे, लाँच हळू चालवावी, असा ठराव पंचायतीपुढे आला. तेवढ्यात १९७८ सालची निवडणूक लागली. जोतीराम ठरावाच्या बाजूने उभा राहिला आणि रुद्रप्पा विरोधात.

आदल्या उन्हाळ्यात मडिवाळप्पाची बायको निंगव्वा तापाने फणफणली होती. रुद्रप्पाने तिला त्याच भरधाव लाँचमधून दवाखान्यात पोचवले होते. तो मत मागायला आला, तेव्हा नवराबायकोने उपकार स्मरून त्यालाच मत द्यायचा बेलभंडारा उचलला. ठरावाचे त्या क्षणी दोघांच्याही ध्यानात आले नाही.

मतदानाला मीच त्यांना नेले. वाटेत निंगव्वा म्हणाली, “अवं, लाँच हळू चालवा म्हणून आपुनच वरडत हुतो की!”

“व्हय, पर बेलभंडारा उचललाय. आता शब्द फिरवायचा न्हाय.”

ती रुद्रप्पालाच शिक्का मारून आली. रुद्रप्पा दोन मतांनी निवडून आला. ठरावाचे विचारले की म्हणे, “बघू की पुढच्या सभेला.”

पुढची सभा व्हायच्या आत एका बाजारच्या दिवशी निंगव्वासह पाचजण माझ्यात बसले असताना लाँच अगदी जवळून गेली. मी पाण्याने भरले आणि बुडाले. मला फार लाज वाटते, मित्रांनो. चौघे वाचले. निंगव्वासाठी रुद्रप्पाने स्वतः उडी घेतली, पण ती सापडली दुसऱ्या दिवशी.

मग ठराव एकमताने मंजूर झाला.

आता मी काठावर पालथी पडून गंजते आहे. मित्रांनो, दिलेला शब्द जरूर पाळा. पण देण्याआधी तो कशासाठी मागतात, एवढे तरी विचारा. मडिवाळप्पा रोज माझ्यापाशी येऊन बसतो. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगतो, “दोन मतांनी आला त्यो. त्यातलं एक तिचं. ती नगं म्हनत हुती, म्याच द्यायला लावलं.”