गेंडूदादाचे बूट

पाय बघून माणूस ओळखायची खोड फिजिओला नोकरीमुळे लागली होती. गुडघा धरून दवाखान्यात आलेल्या बाईला ती आधी चपला काढायला लावी. बोटं एकमेकांवर चढलेली, करंगळी आत मुडपलेली, अंगठा तिरका झालेला. चाळीस-चाळीस वर्षं निमुळत्या बुटांत कोंबलेले ते पाय बघितले की तिला वाटे, हे कुणीतरी लहानपणीच थांबवायला हवं होतं. ती फिजिओथेरपिस्ट, म्हणून तिला सगळे फिजिओच म्हणत, शेजारीपाजारी आणि मुलीच्या शाळेतले पालकसुद्धा. चिडवायच्या वेळी नवराही तेच म्हणे.

म्हणूनच लेकीच्या बाबतीत ती हट्टाला पेटली होती. लेक सहा वर्षांची, एका जागी बसणं ठाऊक नाही म्हणून घरात तिचं नाव मुंगी. मुंगीचा पाय पुढून पंख्यासारखा पसरट. त्याला पुढून रुंद, टाच अजिबात न उचललेले आणि तळ इतका पातळ की हातात बूट चुरगाळता यावा, असे बूट हवे होते. पायात असून नसल्यासारखे. बेअरफूट शूज म्हणतात त्यांना.

तसे बूट मिळत नव्हते असं नाही. मिळत, पण राखाडी, तपकिरी, नाहीतर काळे. मुंगीने पहिलाच जोड बघून नाक मुरडलं.

"हे आजोबांचे बूट आहेत."

"अगं, तुझ्या मापाचे आहेत."

"मग छोट्या आजोबांचे."

तिला हवा होता गेंडूदादा. टीव्हीवरचा जांभळा, पंखवाला गेंडा. उडताना ढगांना धडकायचा आणि प्रत्येक ढगाला 'सॉरी हं' म्हणायचा. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पायांत तो होता, पण ते बूट म्हणजे टोकाला निमुळते, टाचेला दोन बोटं जाड आणि फळीसारखे ताठ. एका दुकानात फिजिओने तसला बूट वाकवायला घेतला तर विक्रेता घाईघाईने पुढे आला. "बाई, मोडाल!"

"मोडतच नाहीये, तेच तर दुखणं आहे," ती म्हणाली.

महिनाभरात सात दुकानं झाली. घोडं प्रत्येक ठिकाणी एकाच जागी अडायचं. पायाला बरा तो मुंगीला नको, आणि मुंगीला हवा तो पायाला वाईट. शेवटी ती भिंगरीकडे गेली.

भिंगरी तिची शाळेपासूनची मैत्रीण. दहा वर्षं एका बाकावर बसलेल्या. मुंगीच्या जन्माच्या वेळी नवरा परगावी अडकला होता, तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर सतरा तास भिंगरीच बसून होती. मुंगीला पहिल्यांदा हातात घेतलं तेही तिनेच. तिचं लहान मुलांच्या वस्तूंचं दुकान होतं. कपडे, दप्तरं, बूट. तिची लेक मुंगीच्याच वर्गात होती आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

"अनवाणी बूट?" भिंगरी हसत सुटली. "म्हणजे उपाशी जेवण का गं?"

पण तिने ऐकून घेतलं. फिजिओने तिला काउंटरवरच धडा दिला. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने रेघ ओढायची, बुटाच्या आतली गादी काढून त्या रेघेवर ठेवायची. पाऊल गादीबाहेर डोकावलं की बूट बाद. बूट मधून दुमडला पाहिजे. फरशीवर ठेवला की टाच आणि बोटं एका पातळीवर पाहिजेत. भिंगरीने लगेच आपल्या लेकीचं पाऊल काढून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! आम्ही तर पोरीचा पाय डब्यात भरत होतो की."

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. म्हातारं जोडपं चालवत असलेला एक छोटा कारखाना तिने शोधून काढला होता. ती दोघं हाताने रुंद बूट शिवत. गेंडूदादाचं छापील कापड भिंगरीने स्वतः मिळवून त्यांना नेऊन दिलं होतं. फिजिओने बूट दुमडला, तो कागदासारखा दुमडला. गादी रेघेवर ठेवली, चारी बाजूंनी जागा उरली. तिचा जीव भांड्यात पडला. मुंगीने बूट घालून दुकानात इतक्या उड्या मारल्या की वरच्या फळीवरची दोन खोकी खाली आली. ती खोक्यांना म्हणाली, "सॉरी हं."

"तुझं नाव लावू का पाटीवर?" भिंगरीने विचारलं. "लोकांचा विश्वास बसेल."

"लाव की. तुझं-माझं काय वेगळं आहे?"

काउंटरवर पाटी लागली: 'फिजिओताईंनी तपासलेले'. पालकसभेत फिजिओने उठून सांगितलंसुद्धा, मुलांच्या पायाला चांगले आणि मुलांना आवडणारे बूट अखेर मिळाले आहेत. पुढच्या दोन महिन्यांत वर्गात जिकडे तिकडे भिंगरीच्या दुकानातले गेंडूदादा दिसू लागले. दवाखान्यात येणाऱ्या बायकासुद्धा नातवंडांसाठी पत्ता विचारून जात.

सहा महिन्यांत मुंगीचा पाय वाढला. फिजिओला त्या आठवड्यात मान वर करायला फुरसत नव्हती. भिंगरी म्हणाली, "तू कशाला धावपळ करतेस? मी दोघींना शाळेतून दुकानात आणते, तिथेच बसवते बूट." संध्याकाळी मुंगी नवे बूट घालून घरी आली. तेच कापड, तेच खोकं. फिजिओने बूट हातातही घेतला नाही. भिंगरीकडून आलेली वस्तू काय तपासायची?

त्यानंतर सात आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, ती मुंगीची नखं कापायला बसली. एरवी पायाची नखं बाबाच कापायचा, पण तो महिनाभर दौऱ्यावर होता. मुंगी पाय पुढे करेना. गुदगुल्या होतात म्हणाली, मग शू लागली म्हणाली. शेवटी फिजिओने पाय धरून मोजा ओढला आणि तिच्या हातातलं नेलकटर तसंच राहिलं. अंगठ्याचं नख काळंनिळं. करंगळी शेजारच्या बोटाखाली घुसलेली, तिच्यावर लाल फोड.

"हे कधीपासून?"

मुंगीने पाय मागे ओढून घेतला.

फिजिओने कागद आणला, पाऊल काढलं, बुटातली गादी उपसली. पाऊल दोन्ही बाजूंनी चांगलंच बाहेर. तिने बूट दुमडून बघितला, तो दुमडेना. स्वयंपाकघरातल्या सुरीने तळ उचकटला तर आत पुठ्ठ्याची जाड पट्टी, आणि टाचेखाली अर्ध्या पेराचा उंचवटा, वरून दिसू नये असा झाकलेला.

तिच्या मनात पहिली आली ती भिंगरीची काळजी. कुणीतरी हिच्या गळ्यात खोटा माल मारला! हिला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. मुंगीला शेजारच्या काकूंकडे सोडून, बूट पिशवीत टाकून ती तशीच निघाली.

रविवार असल्याने दुकानात गर्दी होती. भिंगरी एका बाळाला टोपी घालून बघत होती. तिची लेक कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चित्र रंगवत होती. "मावशी!" ती ओरडली आणि स्टुलावरून उडी मारून धावत आली. धावताना तिचे बूट पायाबरोबर वाकत होते. फिजिओला ते आधी दिसलं आणि मग कळलं. ती खाली बसली. तिने त्या मुलीचा बूट पुढून दाबला. आत बोटं ऐसपैस पसरलेली होती. तळ पातळ, मऊ. म्हाताऱ्या जोडप्याच्या हातचा. आणि कोरा करकरीत.

"नवे का गं?"

"हो! मागच्या आठवड्यात आईने आणले. आम्ही त्या आजी-आजोबांकडे गेलो होतो!"

फिजिओ उठली. भिंगरी टोपी हातात धरून तिच्याकडेच बघत होती. गर्दी ओसरेपर्यंत फिजिओ काउंटरपाशी थांबली. मग फिजिओने पिशवीतून तो फाडलेला बूट काढून काउंटरवर, पाटीच्या बरोब्बर समोर ठेवला.

"तुला माहीत होतं."

"अगं, ऐक तर. म्हातारा-म्हातारी आठवड्याला सहा जोड शिवतात. सहा! आणि इथे रोज दहा जणी दारात. तूच तर सगळ्यांना पाठवत होतीस. दुसऱ्या कारखान्याने हुबेहूब करून दिले, मी घेतले. काय चुकलं? मुलांना तो गेंडा हवा असतो, तो मिळतोय. तळ कोण बघतं?"

"मी बघते."

"तू तरी कुठे बघितलास?" भिंगरी पटकन बोलून गेली. "सात आठवडे घरात होते ना?"

फिजिओला ते वर्मी बसलं. ते खरं होतं म्हणूनच बसलं. तिने बघितलं नव्हतं, कारण बघायची गरज पडू नये एवढ्यासाठीच तर मैत्रीण असते.

"स्वतःच्या लेकीला मात्र तिकडचे," ती हळू म्हणाली.

भिंगरीने लेकीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "तूच शिकवलंस ना मला. एकदा कळल्यावर स्वतःच्या पोरीला कसे घालणार?"

"आणि माझ्या पोरीला?"

भिंगरी टोपीची घडी घालत राहिली. फिजिओने पाटी उचलली, काखेत मारली आणि ती बाहेर पडली. मागून भिंगरीने हाक मारली ती तिच्या खऱ्या नावाने. त्या नावाने हाक मारणारी बाहेरच्या जगात ती एकटीच उरली होती. फिजिओ थांबली नाही.

घरी आल्यावर तिने मुंगीच्या करंगळीला मलम लावलं. रागावायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

"एवढं दुखत होतं तर आईला सांगायचं नाही का, राणी?"

"मी सांगितलं होतं."

"मला?"

"भिंगरीमावशीला. बूट घातले तेव्हाच. ती म्हणाली, नवे बूट चावतातच. म्हणाली, आईला सांगू नकोस हं, नाहीतर आई गेंडूदादाला परत पाठवेल."

फिजिओने मलमाची नळी बाजूला ठेवली. बूट बदलले, पाटीवरचं नाव वापरलं, ते सगळं तिने वाटेत येताना कसंबसं गिळलं होतं. दुकान आहे, गरज आहे, माणूस घसरतो. पण हे? जिला जन्मल्यावर पहिल्यांदा छातीशी धरलं, तिलाच आईपासून लपवायला शिकवलं. केसाने गळा कापणं ती आजवर नुसतं ऐकून होती.

"आता तू गेंडूदादाला परत पाठवणार ना?" मुंगी रडत होती. "मावशी खरंच बोलली होती!"

आणि खरंच, बूट तर जाणारच होते. लेकीच्या डोळ्यांत त्या दिवशी आईच वाईट ठरली.

दुसऱ्या दिवशी तिने पालकांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. भिंगरीचं नाव न घेता, बूट कसा तपासायचा ते लिहिलं आणि 'मी न तपासताच माझं नाव वापरू दिलं, चूक माझी' असंही लिहिलं. तिला वाटलं होतं, लोक चिडतील तर बुटांवर. एकाने विचारलं, "दोघींचं बिनसलं वाटतं?" एक आई म्हणाली, "आधी घ्या म्हणालात, आता फेका म्हणता. आमच्या मुलाला आवडतात, तो ते घालणार." भिंगरीने दोन हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि ती ग्रुपमधून बाहेर पडली. शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात फिजिओ कागद-पेन्सिल घेऊन बसली, ज्यांना हवं त्यांच्या मुलांची पावलं काढून द्यायला. वर्गातल्या एकतीस मुलांपैकी नऊ आली. नऊच्या नऊ जणांची पावलं गादीबाहेर होती.

म्हाताऱ्या जोडप्याकडे ती मुंगीला घेऊन गेली. गेंडूदादाचं कापड संपलं होतं; ते भिंगरीच आणून द्यायची. म्हातारीने साध्या निळ्या कापडाचा जोड पुढे केला. मुंगीने तो घातला, चार पावलं चालली आणि म्हणाली, "दुखत नाहीये." मग पाय निरखून, "पण मला आवडले नाहीयेत."

"चालेल," फिजिओ म्हणाली. "नाही आवडले तर नाही आवडले. मला सांगितलंस ना, बास."

भिंगरीने तीन वेळा फोन केला. चौथ्यांदा एक लांबलचक निरोप पाठवला. त्यात माफी होती, पण त्याहून जास्त अडचणी होत्या. फिजिओने तो दोनदा वाचला. उत्तर लिहायला घेतलं की प्रत्येक वेळी 'आईला सांगू नकोस' हे शब्द आठवत आणि बोटं थांबत. तिने उत्तर दिलं नाही.

शाळेच्या फाटकाशी मात्र रोज गाठ पडायचीच. भिंगरी रस्त्याच्या पलीकडे उभी राही, ही अलीकडे. एके दुपारी मुंगीने आईचा हात ओढला.

"आई, भिंगरीमावशी आता आपली नाही का?"

'तसं नाही गं' असं काहीतरी गोड तोंडात आलं होतं. फिजिओने ते गिळलं. "नाही," ती म्हणाली. "आता नाही."

मुंगीने विचार केला. "आणि ती?" तिने बोट दाखवलं. भिंगरीची लेक फाटकातून दप्तर फरफटत येत होती.

"ती तुझी मैत्रीण आहे. तिने काय केलंय?"

मुंगी हात सोडून धावली. दोघी मधल्या झाडाखाली भेटल्या आणि कशावरून तरी खिदळू लागल्या. दोन्ही आया दोन बाजूंना उभ्या राहिल्या, मुलींचं हसणं संपायची वाट बघत.