नववी काच

मेहुण्याला धंद्यात घेऊ नये, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. बायकोने सांगितलं नव्हतं, म्हणून घेतला.

सकाळी वर्कशॉपमध्ये चहा पिता पिता स्वारी म्हणाली, "दाजी, काल त्या बाईंच्या बागेतल्या काचेच्या खोलीच्या छताची शेवटची काच दोन बोटं मोठी निघाली. तुम्ही गेल्यावर कटर फिरवला आणि बसवली. कोणाला कळलंसुद्धा नाही!"

मी कप खाली ठेवला. "कापलीस?"

"लोण्यासारखी."

अरे कर्मा! छताला आम्ही भट्टीत तापवलेली टफन काच लावतो. फुटली तरी तिचा खडीसाखरेसारखा चुरा होतो, जीव जात नाही. पण ती कापता येत नाही, कटर लावला की जागच्या जागी भुगा. म्हणजे कापली गेली ती साधी काच. ती वरून पडली तर पाती पडतात, विळ्याएवढी. मागे वळून पाहिलं, तर खरी नववी काच, टफनच्या शिक्क्यासकट, भिंतीला टेकून आरामात उभी!

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पण मी तरी काय दिवे लावले होते? आठ काचांचे शिक्के तपासले आणि नववी याच्यावर सोडून घरी गेलो. शिवाय निघताना घराच्या मालकीणबाईंच्या आईला हात धरून नेमकं त्या नवव्या काचेच्या जागेखालच्या खुर्चीत बसवून दाखवलं, "आजी, सकाळचं ऊन पहिलं इथेच येणार."

बाईंना फोन लावला. त्या शाळेत शिकवतात, फोन वाजून वाजून थांबला. घरात आजी एकट्या, वॉकर धरून चालणाऱ्या. ऊन चढेल तशी काच तापणार, आणि कापलेल्या कडेला तडा जायला तेवढं पुरतं.

काच टेम्पोत चढवली, मेहुण्याला शेजारी कोंबला आणि सुटलो. मेले सगळे सिग्नल लाल. वाराही सुटला होता. खोटं कशाला बोलू, आयुष्यात मी एवढा घाबरलो नव्हतो.

बागेकडचं दार उघडंच होतं. आजी खुर्चीत बसल्या होत्या, पाय उन्हात, डोळे मिटलेले.

"आजी, उठा! आधी बाजूला व्हा."

"आत्ता कुठे गुडघ्यांना बरं वाटतंय रे. का? छत पडणार आहे की काय डोक्यावर?" आणि हसल्या.

थापा मला येत नाहीत असं नाही. सील ओलं आहे, रंग मारायचा राहिलाय, दहा थापा ओठांवर आल्या. एकही बाहेर पडेना.

"पडू शकतं," मी म्हणालो. "चुकीची काच लागली आहे. चूक माझी आहे."

आजी हसायच्या थांबल्या. मी वॉकर पुढे केला. एकेक पाऊल टाकत त्या स्वयंपाकघराच्या दारात पोचेपर्यंत माझा जीव वरच्या काचेत अडकला होता.

मेहुणा मागून कुरकुरला, "दाजी, उगाच घाबरवता म्हातारीला. काही होत नाही त्या काचेला."

माझं डोकंच फिरलं. "होत नाही ना? मग बस त्या खुर्चीत. मी वर चढून काढतो."

त्याने वर पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. मग गुपचूप शिडी आणायला टेम्पोकडे गेला.

आजी दारातून बघत होत्या.

"तो बसत नाही," त्या म्हणाल्या. "मला मात्र तुम्ही हात धरून बसवलंत हो."