दक्षिणेची भिंत

"पाड," सिद्धाराम म्हणाला.

नाथाने डोक्यावरची विटांची पाटी खाली ठेवली आणि भिंतीकडे पाहिले. पुढच्या खोलीची दक्षिणेची भिंत. दारावरच्या पट्टीपर्यंत आलेली, कालच पाणी मारलेली.

"कावून अण्णा? चांगली हुबी हाय की."

"सुतभर कललीय. ओळंबा बघ."

नाथाने वाकून, डोळा मिचकावून ओळंबा पाहिला. दोरीला टांगलेला लोखंडी लंगर भिंतीपाशी निमूट लटकत होता. त्याला काही दिसले नाही.

"वरून गिलावा होनार हाय. कुनाला दिसनार हाय?"

"मला."

यापुढे बोलण्यात अर्थ नसतो हे नाथाला ठाऊक होते. त्याने सब्बल उचलली. ही भिंत पाडायची त्याची काही पहिली वेळ नव्हती.

वाण्याच्या घरात जन्मून हातात तागडीऐवजी थापी धरणारा वडवणीतला सिद्धाराम हा एकटाच माणूस. भावांनी नावे ठेवली, पण थापीने त्याला नाव मिळवून दिले. तेलगावपासून लिंबागणेशपर्यंत लोक पाहुण्यांना आपले घर दाखवताना सांगायचे, भिंती सिद्धाराम अण्णाच्या हातच्या आहेत. गडी खरेच गुणी होता. पण गुणाचेही खूळ होते, आणि खुळावर औषध नसते. दुसऱ्याच्या कामावर ते चालून जायचे, कारण मालक मागे लागायचा, दिवस ठरलेला असायचा, कुणीतरी बास म्हणायचे. स्वतःच्या घरावर बास म्हणणारा कुणी नव्हता. म्हणजे होती एक, पण तिचे ऐकतो कोण?

ती शिवकांता, त्याची बायको, बांधकामाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. घर होईपर्यंत चार-सहा महिने काढू म्हणून दोघे तिथे आले होते, त्यावर कितीतरी उन्हाळे गेले. या उन्हाळ्यात तिचा दमा वाढला होता. आडवे झाले की श्वास कोंडायचा, म्हणून ती दिवसभर बाजेवर बसून असायची, पुढे वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून.

दुपारी सिद्धाराम भाकरी खायला आला, तेव्हा तिने सब्बलेचे घाव ऐकलेलेच होते.

"पाडली व्हय?"

"सुतभर कलली होती."

तिने पुढे वाकून धाप आवरली. मग म्हणाली, "मला काय बंगला न्हाई पायजे. ह्या पत्र्याला पाठ टेकवत न्हाई, चटका बसतो. थंडगार भितीला टेकून घटकाभर बसावं वाटतंय, बस. वरून हेच पत्रे टाका."

"वाकड्या भितीला टेकून बसशील?"

"मी तरी कुटं सरळ राहिलेय आता?"

तो हसला. तीही हसली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. त्याने तिला पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला. बायकोवर त्याचे प्रेम नव्हते असे कुणी म्हणू नये. तिला तो वाकडी भिंत द्यायला तयार नव्हता, एवढेच.

"बसव जयंतीला आत नेतो तुला," तो म्हणाला. "शब्द हाय माझा."

जयंतीसाठी तेलगावहून मुलगी आली. ईश्वरीने आधी आईला पाहिले, मग शेजारची भिंत. भिंत कुठली, गुडघ्याएवढ्या विटा आणि बाहेरच्या बाजूला मातीचा ढीग. ती भडकली.

"अण्णा, लोकाच्या घराला असं करता का?"

"लोकाच्या घराचा मालक बास म्हनतो."

"आन आई म्हनते ते?"

सिद्धाराम थापीला चिकटलेले सिमेंट नखाने खरवडत राहिला. "दोन दिसात उठवतो. पर ह्या बारीला अशी उठवतो की..."

"तिला भित बघायची न्हाई, अण्णा. टेकायचंय."

त्याला ते ऐकू आले की नाही, कोण जाणे. संध्याकाळपर्यंत त्याने एकच थर लावला. प्रत्येक वीट ठेवायचा, एक डोळा मिटून बघायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा.

शिवकांता जयंतीच्या आदल्या दिवशी भर दुपारी गेली. ईश्वरी तिला पदराने वारा घालत होती. पलीकडे सिद्धाराम दोरी ताणत होता. ईश्वरीची हाक ऐकून तो धावत आला, दोरी हातातच होती.

क्रियाकर्माला पंचाक्षरी स्वामी आले. लिंगायत समाजात माणसाला आडवे नेत नाहीत. आंघोळ घालतात, विभूती लावतात, मांडी घालून बसवतात आणि बसलेलेच मातीत ठेवतात. तोवर घरात भिंतीला टेकवून ठेवतात, म्हणजे लोकांना दर्शन घेता येते. स्वामींनी शेडमध्ये डोकावून पाहिले. पत्रे तापून कडकडत होते.

"हितं न्हाई जमायचं. आंग आखडायच्या आत बसवाय लागंल. नव्या घरात घ्या. दक्षिनंला पाठ, उत्तरंला तोंड."

नाथाने मान खाली घातली. नव्या घराच्या बाकी तीन भिंती सरळसोट उभ्या होत्या. दक्षिणेची तेवढी नव्हती.

तिला तिथेच बसवले. नाथाने वर साडी बांधून सावली केली. ईश्वरीने आईच्या कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले, डाव्या तळव्यात लिंग ठेवले. पाठ विटांना टेकली. भिंत खांद्यापाशीच संपत होती. डोक्यामागे काहीच नव्हते आणि मान मागे कलंडत होती.

"दोरीनं बांधू का फळीला?" नाथाने विचारले.

"नगं," सिद्धाराम म्हणाला.

तो वळसा घालून भिंतीच्या मागे गेला, मातीच्या ढिगावर वाकून उभा राहिला आणि दोन्ही तळव्यांत त्याने तिचे डोके धरले.

भजन सुरू झाले. बायका पाया पडून जाऊ लागल्या. डोक्यावर ऊन होते, साडीची सावली त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. त्याचे दंड भरून आले. नाथा बदली करायला पुढे झाला, त्याने नुसती मान हलवून नको म्हटले.

शिवकांताची मान थोडी डावीकडे झुकली होती. सिद्धारामने वरून पाहिले. सवयीने त्याचा एक डोळा मिटला, आणि त्याची बोटे मान सरळ करायला हलली.

"असू द्या, अण्णा," ईश्वरी हळूच म्हणाली. "टेकलीय ती."

त्याने मिटलेला डोळा उघडला. बोटे थांबली. मान तशीच कललेली राहू देऊन तो उन्हात उभा राहिला, स्वामी उचला म्हणेपर्यंत.