साहेबांच्या हस्ते पाणी

विश्वनाथ खांबेटे बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. ज्या माणसाने उभ्या हयातीत फीत कापल्याशिवाय साधी मोरीसुद्धा उघडली नाही, तो स्वतःच्या घरचं पाणी असंच कसं सोडेल?

विजयाबाईंना मात्र वाटे, सोडावं एकदाचं. सिल्वासाच्या सरकारी क्वार्टरमध्ये अर्धं आयुष्य काढल्यावर जवळच्या रांधा गावी, जंगलाच्या काठावर, त्यांचं स्वतःचं कौलारू घर उभं राहिलं होतं. पहाटे उठून त्या उगीचच भिंतीवरून हात फिरवून यायच्या. आणि होळी उलटली की समोरचा डोंगर दरसाल पेटायचा.

त्यावर विश्वनाथरावांनी तोड काढली होती. मागच्या टेकाडावर टाकी बांधली आणि कौलांवरून भोकं पाडलेले पाइप फिरवले. टाकीपाशी पाणी सोडायचं चाक फिरवलं की सगळं छप्पर भिजणार. ना पंप, ना विजेची कटकट. योजना खरोखर चांगली होती, खोटं कशाला बोला! फक्त तिचं उद्घाटन व्हायचं होतं, तेही खात्यातल्या मोठ्या साहेबांच्या हस्ते. साहेबांना कधी ऑडिट आडवं यायचं, कधी मेव्हणा, कधी अमावास्या. तोवर चाकाला साखळी, कुलूप आणि गुलाबी फीत.

"एकदा चालवून तरी बघा," विजयाबाई म्हणाल्या.

"अगं, उद्घाटनाआधी वापरलं तर त्याला उद्घाटन म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात!"

अखेर एका रविवारी साहेब निघाले. विश्वनाथराव हार घेऊन हमरस्त्यावर जाऊन उभे राहिले. किल्ली अर्थातच त्यांच्या खिशात. आणि वणव्याला शिष्टाचार शिकवलेला नसल्यामुळे तो साहेबांच्या आधी आला.

"बाई, आग खाली उतरली वं! पाणी सोड ना!" शेजारच्या पाड्यावरची चिमाबाई ओरडत आली.

सागाचा वाळका पाचोळा तडतडत होता. विजयाबाईंनी वरवंटा उचलला, टेकाडावर धावल्या आणि दोन-तीन घावांत कुलूप फोडलं. फितीचं काय झालं ते त्यांनी पाहिलंही नाही. छपरावरून पाणी कोसळू लागलं. खाली दोघी ओल्या डहाळ्यांनी गवत झोडपत राहिल्या. घरातल्या घागरी, कळश्या, सगळं ओतून झालं. वणवा घराला वळसा घालून कोरड्या ओहोळापाशी थांबला. विजयाबाई पायरीवर बसल्या आणि लहान पोरीसारख्या मोठ्याने रडल्या. घर वाचलं होतं.

तेवढ्यात जीप आली. विश्वनाथरावांनी काळंठिक्कर अंगण पाहिलं, निथळणारं छप्पर पाहिलं, बायकोचं काजळलेलं तोंड पाहिलं.

"फीत कुणी तोडली?" ते म्हणाले.

पण खात्याच्या जीपमध्ये एक वेळ स्टेपनी नसेल, फीत असतेच. नवी बांधली गेली, साहेबांनी कापली, चाक फिरवलं. रिकाम्या टाकीने उचकी दिली, पाइपातून दोन थेंब ठिबकले. टाळ्या झाल्या.

"उत्तम! दाब चांगला आहे," साहेब म्हणाले.

मग ओटीवर कोकम सरबताचे पेले फिरले आणि साहेब नियोजनाच्या महत्त्वावर बोलू लागले. विजयाबाईंचं लक्ष ओटीच्या लाकडी खांबाकडे गेलं. बुडाच्या भेगेत एक ठिणगी अडकून राहिली होती; आता तिथून धूर येत होता, लाल कडही दिसत होती.

"अहो, खांब पेटतोय!"

"श्श! साहेब बोलतायत."

टाकी रिकामी, घागरी रिकाम्या, विहीर पार पाड्यापलीकडे. विजयाबाईंनी साहेबांच्या हातातला पेला काढून घेतला आणि सरबत भेगेत ओतलं. चर्र झालं, धूर दाटला, पण लाली गेली नाही.

त्यांनी नवऱ्यापुढे हात केला.

विश्वनाथराव भरला पेला दोन्ही हातांनी घट्ट धरून, साहेब हो म्हणतात का, ते बघत राहिले.