ब्लास्टिंग हाये, बसा

वणीत जमीन हलली की कोणी पुस्तकातून मान वर काढत नाही. कोळशाच्या खाणीत रोज दुपारी सुरुंग उडतात, कॉलेजच्या खिडक्या थरथरतात, आणि वाचनालयाचे शिपाई धरमसिंग खुर्चीतूनच सांगतात, "ब्लास्टिंग हाये, बसा." वीस वर्षांत या माणसानं किती पोरींना असं बसवलं असेल, कोण जाणे.

म्हणून भूगोलाच्या मैत्रेयी मॅडमनी भूकंपाचं मॉक ड्रिल घेतलं, तेव्हा धरमसिंगना हसू आवरेना. शिट्टी वाजली की टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. मॅडमची पाठ वळताच त्यांनी हुबेहूब नक्कल केली, "खाली! डोकं झाका!" पोरी पोट धरून हसल्या. त्यांची स्वतःची वर्षा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, सगळ्यांत जास्त. मग रोज कोणीतरी म्हणायचं, "काका, मॅडम करा नं." आणि काका करायचे. कौतुकाची चटक वाईट.

शुक्रवारी सकाळी अकराला फरशी हलली.

"ब्लास्टिंग हाये, बसा," सवयीनं तोंडातून निघून गेलं. आणि लगेच ते खुर्चीतून उठले. सुरुंगाआधी भोंगा होतो, तो झाला नव्हता. सुरुंगाचा एक दणका बसतो आणि संपतं. हे तर थांबायचं नाव घेईना. भिंतीलगतची पुस्तकांची लोखंडी कपाटं करकरू लागली. कपाटांच्या पुढ्यातच एकतीस पोरी बसल्या होत्या.

"टेबलाखाली! खाली! डोकं झाका!" ते जिवाच्या आकांतानं ओरडले.

पोरी खदखदून हसल्या.

"बाबा, आज तर कोणी 'मॅडम करा' म्हटलंबी नाई," वर्षा म्हणाली.

धरमसिंगना रडूच फुटलं. अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस, धाडकन गुडघ्यांवर पडला, टेबलाखाली घुसला आणि लेकीचा पाय धरून तिला खाली ओढू लागला. "नक्कल नाई करून राह्यलो, बाई! मराल साऱ्या!"

बापाचा चेहरा पाहून वर्षा किंचाळली, "खरंच हाये वो! खाली व्हा!"

खुर्च्या उलटल्या, पोरी आत शिरल्या, आणि एक कपाट टेबलावर आडवं झालं. त्यांतल्या कोकिळाला हसू आवरायला उशीर झाला होता. तिचा हात बाहेर राहिला.

मैदानात मॅडमनी डोकी मोजली. एकतीस भरली. कोकिळाचा मोडलेला हात ओढणीनं गळ्यात बांधला होता, दवाखान्याची गाडी यायची होती. मॅडम डोळे पुसत धरमसिंगांजवळ आल्या.

"धरमसिंगभाऊ, तुमच्यामुळे पोरी वाचल्या."

वर्षा जमिनीकडे पाहत होती. धरमसिंगनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं; कोणी तोंड उघडलं नसतं.

"नाई मॅडम," ते म्हणाले. "तुमचं ऐकून त्या पयलेच खाली गेल्या असत्या. मीच बसवलं त्यायले."

मग ते कोकिळाजवळ गेले. तिनं तोंड फिरवलं.