फट नसलेलं दार

सकाळी निघताना बायकोने चपला पायात सरकवता सरकवता एकच गोष्ट बजावली.

"मला फोन करायचा नाही."

"नाही करत," सुतार म्हणाला.

"घर पेटलं तरच."

"घर पेटलं तर आधी बंबवाल्यांना करीन. तुझा नंबर नंतर."

ती हसली नाही. कवळ्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात आज तिला दिवसभर काम करून दाखवायचं होतं. लग्नाआधी हेच काम ती सफाईने करायची. नुसत्या नजरेने दातांचा रंग जुळवायची. मग एकामागून एक तीन मुलं झाली आणि ते मागे पडलं. मालकाने आता पुन्हा बोलावलं होतं, पण सरळच सांगितलं होतं : "तुमची मुलं लहान आहेत. घरून फोन आला आणि मधेच उठून गेलात, तर मला जमायचं नाही." म्हणून सुताराने सुट्टी घेतली होती.

आदल्या रात्री त्याने मनाशी आखणी केली होती. तीनच तर मुलं. मोठी सहा वर्षांची. भाऊ झाल्यापासून तिला सगळे ताईच म्हणत. मधला अडीच वर्षांचा भुंग्या. तो दिवसभर तोंडातल्या तोंडात गुणगुणत असे, म्हणून भुंग्या. सगळ्यांत धाकटी रांगणारी, तिला नुसतं बाळ म्हणत. कामाला लागण्याआधी माप नीट घेतलं की काम चुकत नाही, असा सुताराचा अनुभव होता.

लाकूड जागचं हलत नाही, हे मात्र तो विसरला होता. बाळाचं दूध गरम करेपर्यंत भुंग्याने खुर्चीखाली बटाटा कुस्करला. तो पुसेपर्यंत ताईला एकच मोजा सापडत होता. मोजा शोधेपर्यंत बाळाने पुसलेल्या जागीच दूध ओकलं. उन्हं वर आली तेव्हा सुताराच्या खांद्यावर ओला टॉवेल होता, टॉवेलावर बाळ होतं, आणि सकाळचा चहा ओट्यावर तसाच गार झाला होता.

"बाबा, तू दमलास?" ताईने विचारलं.

"छे!"

"मग बसलास का?"

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की गुणगुण ऐकू येत नाहीये.

न्हाणीघराचं दार बंद होतं. आत नळ वाहत होता. सुताराने दार ढकललं. ते हललं नाही.

ते दार त्याने स्वतः केलं होतं. चौकटीत असं चपखल बसवलं होतं, की पत्त्याचं पानसुद्धा मधून जाऊ नये. शेजारपाजारच्या लोकांना तो ते मुद्दाम दाखवत असे. आणि महिन्यापूर्वी, "मी मोठी झालेय, मला आतून लावता आलं पाहिजे," असा ताईने हट्ट धरला, तेव्हा तिच्या हाताला येईल अशी एक लाकडी खिट्टी त्याने आतून खाली बसवली होती. बंद करताना सरकवली की तिची बोंडी, म्हणजे धरायची लाकडी मूठ, आपोआप खाचेत पडायची. उघडताना मात्र बोंडी आधी उचलायची, मग सरकवायची. आपसूक उघडू नये, म्हणून ही युक्ती. ताईच्या हाताला जे येतं ते भुंग्याच्याही येतं, हे काही मापात आलं नव्हतं.

"भुंग्या! दार उघड!"

आतून रडू फुटलं.

सुताराने बाळाला ताईच्या मांडीवर दिलं आणि दाराला खांदा लावला. मग थांबला. दार आत उघडणारं होतं आणि पोरगं दाराला चिकटूनच उभं होतं. हुंदके थेट फळीतून येत होते. धक्का दिला असता तर अख्खं दार त्याच्या अंगावर गेलं असतं. बिजागऱ्या आतल्या बाजूला. फटीतून पटाशी घालावी, तर फट ठेवलीच नव्हती.

"मागे हो, राजा! लांब जा दारापासून!"

बाबाचा आवाज आला की भुंग्या आणखी दाराजवळ येत होता. बादली भरून वाहू लागल्याचा आवाज आला. फरशी गुळगुळीत होती, तीही त्यानेच निवडलेली.

"नीट ऐक. बोंडी दोन सूत वर घे आणि डावीकडे सरकव. डावीकडे!"

रडणं वाढलं. आवाज ऐकून शेजारच्या काकू आल्या.

"अहो सुतार, तुमचंच दार आणि तुम्हालाच उघडेना?"

"दार चांगलं झालंय, काकू."

"मग थोडं वाईट करायचं होतं! आधी त्याच्या आईला फोन लावा. आईचा आवाज ऐकला की पोर शांत होतं."

काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. सुताराने फोन काढला, नंबर समोर आणला. हे रडणं ऐकल्यावर ती कारखान्यात बसून राहणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. ती उठेल, रिक्षा करून येईल, आणि उद्या जायचं नावसुद्धा काढणार नाही. आत काहीतरी धपकन पडलं. अंगठा बटणावर गेला.

"बाबा, तू त्याला एकदम दोन कामं सांगतोस," ताई म्हणाली. "आणि त्याला डावीकडे येत नाही. मलापण येत नाही."

सुताराने तिच्याकडे पाहिलं. मग बाळाला उचलून घेतलं आणि बाजूला सरकला. फोन हातातच राहिला.

ताई दाराशी मांडी घालून बसली. "भुंग्या, पडलास?"

"मग पल्ला," आतून आलं. म्हणजे पाण्याचा मग पडला होता.

"पडू दे. तुझ्याजवळ एक बाळ आहे ना, लाकडाचं? दाराला बसलंय बघ."

हुंदका. "आहे."

"त्याला कडेवर घे. आपल्या बाळाला घेतो तसं. वर."

काकूंनी तोंड उघडलं होतं, पण सुताराने हाताने खूण करून त्यांना थांबवलं. आत लाकूड लाकडावर घासलं आणि टक् करून पुन्हा खाली बसलं.

"पल्लं!"

"असू दे, आपलंपण पडतं. परत घे. घट्ट धर. घेतलंस?"

"घेतलं."

"आता सोडू नकोस हं. त्याला फिरायला ने, खिडकीकडे."

बराच वेळ काही झालं नाही. मग आतून बारीक गुणगुण सुरू झाली आणि खिट्टी करकरत सरकली. सुतार पुढे झाला, पण ताईने त्याला कोपराने अडवलं.

"शाब्बास! आता जाऊन नळ बंद कर. हळू चाल."

पाण्याचा आवाज बंद झाला, तेव्हा कुठे तिने दार ढकललं. भुंग्या डोक्यापासून पायापर्यंत ओला होता आणि फार खूश होता.

"ही पोरगी मास्तरीण होणार," काकू म्हणाल्या.

उरलेला दिवस सकाळसारखाच गेला. आणखी बटाटे, आणखी कपडे, एक आपटलेलं बोट. पेचकस शोधायला दोन्ही हात एकदम मोकळे मिळाले नाहीत, त्यामुळे खिट्टी जागेवरच राहिली.

संध्याकाळी बायको आली ती दारातच थबकली. सुतार भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, पोटावर बाळ झोपलेलं. ताईने आईला चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत. सगळं सांगून टाकलं.

ऐकता ऐकता बायकोचा चेहरा उतरला. "मला कळवलं का नाहीस?"

"आली असतीस."

"येणारच ना! आई आहे मी."

"म्हणूनच."

"त्याला काही झालं असतं म्हणजे?"

दिवसभर सुतारालाही तेच वाटत होतं. "नंबर काढला होता," तो म्हणाला. "अंगठाही ठेवला होता."

ती काही बोलणार, एवढ्यात न्हाणीघराचं दार बंद झालं आणि टक् वाजलं. भुंग्या खोलीत नव्हता.

बायकोच्या हातातली पिशवी गळून पडली. सुतार उठू लागला, पण बाळ पोटावर होतं. ताईने आईचा पदर धरला. "थांब ना. त्याला येतं."

आत गुणगुण चालू होती. बोंडी उचलल्याचा आवाज आला, मग सरकल्याचा. भुंग्या बाहेर आला, आईकडे पाहिलं, आणि खायला मागितलं.

तिने त्याला उचलून छातीशी धरलं, किती तरी वेळ. मग त्याच्या केसांवरून नवऱ्याकडे पाहिलं.

"ती खिट्टी आत्ताच्या आत्ता वर घे."

"माझी आहे ती!" ताई ओरडली.

"घेतो," सुतार म्हणाला. "मालक काय म्हणाले?"

"उद्या लवकर या म्हणाले."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली, "तुलाच लवकर उठावं लागेल. आणखी एक दिवस सुट्टी मिळेल ना?"

सुताराने डोळे मिटले आणि होकारार्थी मान हलवली.