रेतीची थडी

कमलाबाईनं पोराचा व्हिडिओ कॉल मुद्दाम अंगणात घेतला, खाट प्रमिलाबाईच्या दारासमोर ओढून. प्रमिलाबाईचा पोरगा वर्ध्याला बाबू. त्याच्या खुर्चीचं कौतुक ऐकून कमलाबाईचे कान किटले होते. आज तिची पाळी होती.

तिचा अंकित पोकलेन चालवायचा. पवनारकडचे कितीतरी नाले त्यानं खोल केले होते. आता ठेकेदारानं त्याला पार समुद्रावर नेलं. तिथं रेतीच्या बांधाआड खाऱ्या पाण्याचं तळं तुंबलं होतं, कोळ्यांच्या घरात गुडघाभर पाणी. बांधात चर खोदून ते तळं समुद्राला जोडायचं. शेवटचा तुकडा ओहोटीला फोडायचा, अन् मशीन झटक्यात मागं घ्यायची.

"माय, दिसून राह्यलं का?" अंकितनं फोन केबिनच्या काचेला टेकवला.

"तुयं थोबाड दिसून राह्यलं. ते तं जन्मापासून पायतो मी. समुद्र दाखव! या बाईले नाल्याबिगर काई मालूम नाई."

"टोमणे काऊन मारता कमलाबाई, पाहू द्या ना," प्रमिलाबाई म्हणाली.

तुकडा फुटला. तळ्याचं पाणी मोकाट जनावरासारखं समुद्राकडं धावलं. अंकितनं मशीन मागं घेतली, तशी फोनमध्ये नुसती रेतीच दिसू लागली.

"मांग काऊन पळतं रे, भित्र्यावानी? ऐन टायमाले!"

तो हसला. मशीन परत काठावर आणली.

"अहो, इतक्या थडीवर नका नेऊ," सुनेनं, मेघानं, मागून वाकून म्हटलं.

"नाल्याच्या थडीवर मशीन ठेवून जेवलो मी. कधी ढेकूळ तरी पडलं का?"

खोटं नव्हतं ते. इथली काळी माती उभी कापली तर भिंतीसारखी उभी राहते; पडायचीच झाली तर आधी भेग दाखवते. कमलाबाईचा जन्म त्याच मातीत गेला. ती भेग शोधत होती. भेग कुठंच नव्हती. रेती खालून पाण्यानं खाल्ली जात होती अन् वरून साखरेसारखी गळत होती.

"अंकित, मांग घे."

"आता तूच तं म्हणे—"

"मांग घे म्हटलं ना, मुर्दाडा!"

फोनच्या काचेत आभाळ आलं. मग मातकट पाणी. चित्र तिथंच थिजलं.

मेघा ठेकेदाराला फोन लावायला घरात धावली. प्रमिलाबाईनं हळूच हात पुढं केला. "ठेवा तो आता, कमलाबाई."

"हात नोको लावू! त्यानं लावला, तोच ठेवन."

घरात मेघा एकच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. थोड्या वेळानं फोन आपोआप बंद पडला, अन् काळ्या काचेत कमलाबाईला स्वतःचंच थोबाड दिसलं.